मागच्या चाकातली हवा

२९ जून, रविवार

पोहोचलो बापा एकदाचा भिलाईले! सकाळी तुमसरहून निघालो तं दुपार कलताना सेक्टर 10 मध्ये. सगळे म्हणत होते, ट्रेननं जा, मोटरसायकल मागून पार्सल कर. मी ऐकतो का कोणाचं! जिथं मी, तिथं माही गाडी. प्रेरणा तिले आपली सवत म्हणते. म्हणे, मले कधी एवढं पुसून-पासून ठेवलं का?

ही रोजनिशी पण प्रेरणाचीच आयडिया. फोनवर मी हो, नाही, जेवलो याच्या पुढं जात नाही म्हणून निघताना तिनं हे बुक बॅगेत टाकलं. रोज लिहा म्हणे, मी अन् गुंजन आलो की बसून वाचून काढीन. गुंजन म्हणजे आमची पोरगी, पाच महिन्याची. दोघी अजून माहेरी आहेत, तुमसरले. माहं इथं बस्तान बसलं की येतील. तं वाच प्रेरणा, खोटं काही लिहीत नाही.

क्वार्टर टिकाराममामाचं. मामा स्टील प्लांटमधून रिटायर झाला अन् कांतामामीले घेऊन गावी राहाले गेला, पण लीजवर घेतलेलं हे घर ठेवून दिलं. रिकामं राहण्यापेक्षा तू राहा म्हणे. दोन खोल्या, मागं स्वयंपाकघर, समोर जाळीचा व्हरांडा, अंगणात पेरूचं झाड. पेरू कच्चेच आहेत तरी पोपटांची जत्रा. समोरच्या खोलीत छताले एक मजबूत कडी आहे. पाहताबरोबर मनात आलं, गुंजनचा पाळणा इथंच.

एक गंमत सांगतो. मोठ्या दरवाज्याच्या चौकटीत एका बाजूनं वरून खाली खिळेच खिळे. जुने पेंटाखाली दबलेले, खालचे गंजलेले. मामाले कपडे टांगायची भारीच हौस दिसते! एकावर हेल्मेट लटकवलं, एकावर किल्ल्या. शेजारच्या हिराकाकूनं लगेच चहा अन् भजे आणून दिले. मूळच्या गोंदियाच्या, पण आयुष्य इथं गेलं, म्हणून अर्धं मराठी अर्धं हिंदी. म्हणे, आपल्याकडचा पोरगा आला, अच्छा लगा. मलेही अच्छा लगा. भजे तं लय अच्छे लगे.

२ जुलै, बुधवार

काम सुरू झालं. प्लांटच्या आत एका ठेकेदाराकडे फिटर. फर्स्ट शिफ्ट, दुपारी दोनले मोकळा. माणसं बरी आहेत. तुमसरचा म्हटलं की सगळे पहिले तांदळाचाच भाव विचारतात.

हिराकाकूनं सांगतलं होतं, गाडी बाहेर ठेवू नको, पेट्रोल काढून नेतात. म्हणून मी गाडी पायरीवरून चढवून सरळ समोरच्या खोलीत घेतो. आज घेताना हँडल चौकटीतल्या सगळ्यात खालच्या खिळ्याले अडकलं अन् गाडी घसरली. टाकीवर हा लांब ओरखडा! माहं डोकंच फिरलं. माणूस घर बनवते का सापळा? उद्या गुंजन रांगायले लागली तं डोळा फुटायचा पोरीचा.

पक्कड आणली, चौकटीले पाय लावला अन् ओढला. निघता निघेना. निघाला तेव्हा असा किंचाळला का पेरूवरचे सगळे पोपट उडाले. बाजारातला खिळा नव्हताच तो. हातानं घडवलेला, चौकोनी, बोटाएवढा लांब. रागातच होतो, दिला फाटकाबाहेर भिरकावून. आता गाडी आत घ्यायले रस्ता मोकळा.

४ जुलै, शुक्रवार

करावं तसं भरावं, दुसरं काय!

शिफ्ट सुटली, सेक्टर 2 चं वळण घेतलं अन् मागचं चाक लडबडलं. उतरून पाहतो तं टायर सपाट. दुपारची वेळ, रस्त्यावर कुत्रं नाही. पंक्चर गाडी ढकलत नेणं म्हणजे रुसलेली म्हैस घरी आणणं. एक पाऊल चालते अन् दोनदा अडते. घामानं शर्ट पिळायले आला. सेक्टर 10 च्या बाजारापाशी धर्मेंद्र नावाच्या पंक्चरवाल्याची टपरी आहे, तिथवर कसातरी आलो तं महाराज जेवायले गेलेले. मग काय, चला घरापर्यंत ढकलत.

शेवटच्या चढावर माह्या पोटऱ्या बोलायले लागल्या. अन् एकाएकी गाडी हलकी झाली. मागून कोणीतरी धक्का देऊन राहिलं होतं. डोक्यात हेल्मेट, हँडल सोडलं तं गाडी आडवी, मान वळवायची सोय नाही. आरशात फक्त दोन हात दिसले, मागच्या कॅरियरवर ठेवलेले. राखेनं माखल्यासारखे पांढरे. प्लांटचाच कोणी असेल. भला माणूस एक शब्द बोलला नाही. थेट दारापर्यंत आला, पायरीवरही गाडी त्यानंच लोटली.

आता दारापर्यंत आणून सोडणाऱ्याले आपल्याकडे कोणी पाण्याशिवाय परत पाठवते का? मी गाडी आत घेता घेताच म्हटलं, या जी भाऊ, आत या, पाणी घ्या, आपलंच घर समजा. गाडी स्टँडले लावून पलटलो तं दारात कोणीच नाही. लाजाळू असेल. अशी माणसं आता राहिली नाहीत.

५ जुलै, शनिवार

आज धर्मेंद्रनं चाक खोललं. माह्याच वयाचा गडी, गालात सुपारी, सारखे जोक मारते. टायरमध्ये हात फिरवला अन् खिळा ओढून काढला. अन् खिळा कोणता, तं मी फेकलेलाच! फाटकासमोर पडला होता तो बरोबर माह्याच चाकात घुसला. मी हसून हसून बेजार. म्हटलं, आ बैल मुझे मार, ते हेच.

तो नाही हसला. खिळा उलटून-पालटून पाहिला अन् म्हणे, भैया, ये रोड का खीला नहीं है, चौखट का है, हरेली वाला. हरेली म्हणजे इथला अवसेचा सण. त्या दिवशी लोहार घरोघरी फिरून दाराच्या चौकटीत खिळा ठोकते, बाहेरचं काही घरात शिरू नये म्हणून. कोणी काढला, विचारलं. मी म्हटलं, मीच. त्यानं मले एकदा खालून वर पाहिलं. पॅच मारला, ट्यूब पाण्यात बुडवून पाहिली, हवा भरली. ट्यूबांतून निघालेल्या खिळ्यांचा त्याचा एक डबा आहे, पण हा त्यात ठेवला नाही. कागदात गुंडाळून माह्या हातात दिला. अंगावर झुरळ पडल्यासारखं तोंड केलं होतं त्यानं.

खिळा हत्याराच्या पेटीत टाकून दिला. हरेली यंदा 24 तारखेले आहे म्हणे. येईल लोहार तेव्हा ठोकेल दुसरा, कोणाचं काय जाते.

९ जुलै, बुधवार

सकाळी कामावर निघालो तं मागचं चाक पुन्हा सपाट! धर्मेंद्रच्या नावानं बोंब मारली. दुपारी गाडी ढकलत त्याच्याकडे नेली, म्हटलं पॅच लावला का तिकीट चिकटवलं? त्यानं माह्यासमोर ट्यूब फुगवून घमेल्यात बुडवली. इंच इंच फिरवली. एक बुडबुडा नाही. पॅच पक्का. व्हॉल्व बदलला, टायर आतून चाचपला, एक काटा नाही. पैसेही घेतले नाही, म्हणे काम ही क्या किया.

येताना गाडी जड चालत होती. चढावर दुसरा गिअर टाकावा लागला. मागं कोणी बसलं असलं का हँडल जसं हलकं लागते, तसं लागत होतं. चेन टाइट झाली असेल. रविवारी पाहतो.

१३ जुलै, रविवार

प्रेरणा, तुह्यासाठी खुशखबर. सिविक सेंटरच्या बाजारात जाऊन पाळणा आणला! लाकडी दांडा, जाड कापडाची झोळी, दोरी मजबूत. झोळी लाल घेतली. गुंजनले लाल रंग दिसला का हसते ना, म्हणून.

पाळणा मागच्या सीटवर बांधून आणला. चाकात हवा कमी वाटली म्हणून धर्मेंद्रकडे थांबलो. तो पाइप घेऊन वाकला, थांबला, अन् मले म्हणे, भैया, पहले पीछे वाले को तो उतारो, तब न हवा भरेगी. मी म्हटलं, अबे पाळणा आहे तो, डोळे फुटले का? तं तो म्हणे, पालना तो उसकी गोद में है.

मी पलटून पाहिलं. सीटवर पाळणा, दोरीनं बांधलेला. बस. धर्मेंद्रनंही पुन्हा पाहिलं, डोळे चोळले, कानाले हात लावला. सकाळपासून जेवलो नाही म्हणे, उन्हानं चक्कर आली असेल. मग त्यानं हवा भरली, पण माह्याकडे पाहत नव्हता.

असे फालतू जोक मले आवडत नाहीत. दुसऱ्या पंक्चरवाल्याकडे जाईन मी.

१५ जुलै, मंगळवार

शिफ्टवरून आलो तं हिराकाकू कुंपणाशी उभ्या. म्हणे, पाहुणा आला का रे घरी? म्हटलं, कोणी नाही, कुलूप लावून गेलतो. तं म्हणतात, अरे दुपारी कपडे वाळू घालताना खिडकीतून दिसला, समोरच्या खोलीत तुझ्या गाडीवर बसला होता, मागच्या सीटवर. मी आवाजही दिला, गाडीवर कायले बसले जी, खाटेवर बसा. तं उतरलाच नाही. तोंड पाहिलं का विचारलं, तं म्हणे नाही, पाठच दिसली.

सगळं घर पाहिलं. पलंगाखाली, मोरीत, माळ्यावर. कुलूप जसंच्या तसं, मागचं दार आतून बंद.

गाडीचं मागचं चाक सपाट. परवाच तं भरली होती हवा.

मले भीती वाटून राहिली आहे. लिहिलं एकदाचं.

१६ जुलै, बुधवार

कामावरच्या एकाकडून पायपंप मांगून आणला. म्हटलं होऊन जाऊ दे खरं-खोटं.

दुपारी तीन वाजताची गोष्ट, लख्ख उजेड, दार सताड उघडं. गाडी खोलीच्या मधात डबल स्टँडवरून उतरवली, साइड स्टँडले लावली. पंप मारला. चाक कडक झालं, अंगठा दाबला तं दबत नव्हता. टोपण लावलं. पंप उचलून कोपऱ्यात ठेवला अन् पाहतो तं मागचे शॉकअप खाली जाऊन राहिले. हळूहळू. कोणी वजनदार माणूस जपून बसते ना, तसे. मग टायर पसरला. फुस्सही आवाज नाही. टोपण जागच्या जागी. सीटच्या रेक्झिनवर खड्डा पडला, मागच्या बाजूनं.

कोण आहे, म्हणून मी ओरडलो. तिथून पळालो तं हिराकाकूच्या ओट्यावर जाऊन बसलो अंधार पडेपर्यंत.

पेटीतला तो खिळा काढून जुन्या भोकात ठोकायले गेलो. वाकला. दुसऱ्यांदा ठोकला तं हातात परत आला. भोक मोठं झालं आहे.

प्रेरणाले फोन केला, म्हटलं इतक्यात येऊ नका. ती भडकली. कावून नको, घरात कोणी ठेवली का म्हणे. काय सांगू तिले?

१७ जुलै, गुरुवार

गाडी धर्मेंद्रच्या टपरीवर ठेवून आलो. त्याले म्हटलं, राहू दे तुह्याकडे, फुकट चालव, जाळून टाक, काही कर. नेताना गाडी पिसासारखी हलकी होती. हवा नसलेल्या चाकावरही पळत गेली.

मग मामीले फोन लावला. सगळं सांगतलं. खालचा खिळा काढला का, एवढंच विचारलं तिनं. तोच गेल्या हरेलीचा होता म्हणे, वरचे जुने, त्यांचा जोर त्या त्या सालापुरता. मामाले शिव्या घातल्या, पोराले एवढंही सांगता आलं नाही म्हणून. मामा मागून ओरडत होता, चौकटीतला खिळा कोणी उपटते हे माह्या बापालेही सुचलं नसतं!

मग मामीनं विचारलं, कोणाले आत बोलावलं का? मी म्हटलं, कोणाले बोलावतो मामी, इथं माही ओळख कोणाशी आहे? तं तिचा जीव भांड्यात पडला. म्हणे मग भिऊ नको. न बोलावता बाहेरचं काही घरात उतरत नाही, गाडीवरच बसून राहते. गाडी गेली, ते गेलं. हरेलीले लोहाराकडून नवा खिळा ठोकून घे, झालं.

१९ जुलै, शनिवार

दोन दिवस झाले, घर शांत. कोणाची चाहूल नाही, काही नाही. कामावर पायी जातो, येताना कोणाच्या तरी मागं बसून येतो. धर्मेंद्रनं सांगतलं, त्यानं हवा भरली तेव्हापासून गाडीचं चाक दगडासारखं कडक आहे, हवा तसूभर कमी झाली नाही. ऐकून मी त्याले मिठीच मारायचा राहिलो.

प्रेरणाले म्हटलं, ये. 24 लेच ये, सण आहे, चीले खाऊ गुळाचे, म्हणजे इथले गोड धिरडे. ती आधी रुसली, मग हसली. गुंजनचा आवाज ऐकवला. बूऽ बूऽ करते. आठवण येऊन डोळ्यात पाणी आलं, लिहायले लाज कायची.

२० जुलै, रविवार

घर धुऊन काढलं. पाळणा कडीले टांगला. झोळी अशी छान वर राहिली, कमरेएवढी. हिराकाकूनं झोळीले काळा धागा बांधला.

गाडी होती तिथली फरशी किती पुसली तरी पांढरट राहते. राख कुठून येते काय माहीत.

२२ जुलै, मंगळवार

आलो तं झोळी खाली आली होती. गुडघ्याएवढी. दोरी ढिली झाली असेल. पुन्हा आवळून बांधली, फिटरची गाठ, माह्या हातची गाठ कधी सुटत नाही.

चहा करून आलो. झोळी गुडघ्याएवढी. गाठ जशीच्या तशी. दोरी ताणलेली, तार झाली होती.

हात घालून पाहायची हिंमत झाली नाही.

२३ जुलै, बुधवार

प्रेरणाले फोन केला, येऊ नको. उचलला नाही. सासूबाईनं उचलला. म्हणे तिनं फोन मलेच धरायले सांगतला आहे, जावईबुवा एक दिवस या म्हणतात, एक दिवस नको म्हणतात, म्हणून ती बोलतच नाही, सरळ येते म्हणते. सामान बांधलं आहे. खरं सांगतलं असतं तं सासूबाई मलेच झाडफूकवाल्या बाबाकडे घेऊन गेल्या असत्या.

उद्या सकाळी लोहार येतो. दुपारी प्रेरणा अन् गुंजन येतील. लोहार आधी येतो. पहिले खिळा, मग या दोघी.

पाळणा आपोआप हलून राहिला आहे. पंखा बंद आहे.

२४ जुलै, गुरुवार. सकाळी

आला लोहार! हिराकाकूच्या दारातून हातोड्याचा आवाज ऐकला तं मी अंगणात धावलो. म्हातारा माणूस, ठेठ छत्तीसगढी बोलणं. दारावर कडुनिंबाची डहाळी खोचली. मग विचारलं, घर म के झन हव? घरात किती जण. घरातल्या हरेक जणाची एक मूठ तांदूळ त्याच्या सुपात टाकायची, मग खिळा, अशी रीत. मी म्हटलं, मी एकलाच, बायको-पोरगी दुपारी येतील. एक मूठ टाकली.

तो सूप धरून तसाच उभा. माह्या खांद्यावरून आत पाहिलं. अजून एक मूठ मांगतली.

घाई होती मले. प्रेरणाच्या नावानं समजून टाकली. मग त्यानं खिळा ठोकला. गच्च बसला, चौकट हादरली. झालं. सुटलो. रडू आलं मले त्या म्हाताऱ्यासमोर.

दुपारी

आल्या! गुंजन मोठी दिसते. प्रेरणा दारात पाय धुताना म्हणे, दाढी कावून वाढवली, भूत दिसता. मी हसलो. आल्याबरोबर तिनं रोजनिशी मांगतली, म्हटलं चहा पिऊन दाखवतो.

धर्मेंद्र गाडी घेऊन आला. सणाचा हार घातला होता त्यानं हँडलले. म्हणे, लो भैया, चक्के में एक बार भी हवा नहीं घटी. जिस दिन छोड़ गए, उसी दिन से. खाली सीट लेके आए थे आप.

खाली सीट. रिकामी.

मग ते टपरीवर गेलंच नव्हतं. गाडी गेली. ते —

संध्याकाळी

मामीचा फोन येऊन गेला. विचारत होती, घर रिकामं करून मगच ठोकला ना खिळा? मी म्हटलं, रिकामं म्हणजे? ती म्हणे, बापू, खिळा ठोकते वेळी जे आत असते ते घरचं होऊन जाते. घरच्याले घरातून काढता येत नाही. तुम्ही गेले तिथं ते येईल, घरचंच ते. पण तू तं बोलावलं नव्हतं ना कोणाले. नव्हतं ना रे?

आपलंच घर समजा.

मीच. माह्याच तोंडानं. पाठ फिरवून, गाडी आत घेता घेता —

दोन मुठी तांदूळ. मीच टाकल्या.

प्रेरणा स्वयंपाकघरात आहे. चहाचा वास येऊन राहिला. तिले अजून सांगतलं नाही. गुंजन माह्या मांडीवर, एका हातानं धरली आहे घट्ट, दुसऱ्या हातानं लिहून राहिलो. पेन थांबवला तं वर पाहावं लागेल

पाळणा —

झोळी फरशीले टेकली. दोरी करकरून राहिली. खालून वर, खालून वर, कोणी आत बसून झोका —

प्रेरणा आतून विचारते, झोपली का हो गुंजन पाळण्यात, आवाज येऊन राहिला

नाही प्रेरणा ती माह्याजवळ आहे गुंजन माह्याजवळ आहे

झोळीच्या काठावर हात. दोन. पांढरे. तेच, आरशातले —

गुंजन तिकडं पाहून हसून राहिली. हात सोडवून राहिली माहा. दोन्ही हात पुढं करून झेपावते, जशी घरच्या माणसाकडे